हलका हात

परभणीच्या सिव्हिलला, खोली नंबर नऊ,
रक्त काढायचं टेबल माझं.
"कळालंच नाही की वो, कवा टोचलं,"
असं कुणी म्हटलं की
मी लगेच सांगते, सुई नवी होती.
किंवा, नस चांगली आहे तुमची.
एकदा तर म्हटलं, आज उजेड बरा आहे.

चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल जसं
शेजारच्या दारात सरकवून द्यावं.

लहानपणी कपबशी फुटली की
न बघताच माझं नाव घ्यायचे घरात.
ते मात्र मी पहिल्या हाकेला घेतलं,
फोडली नसली तरी.

आज सेलूच्या कौसाबाई.
दोन्ही हात आधीच्या टोचण्यांनी काळेनिळे,
नस हरवलेली.
मी बोटांनी चाचपत राहिले,
विहिरीत पडलेली बादली गळानं शोधावी तशी.
लागली.
"लई हलका हात हाय लेकरा तुझा."
मी म्हणाले, सुई...
"सुई त्या वार्डातल्या पोराकडं बी हीच होती.
त्यानं चारदा भोसकलं."

मागं रांग. नळीवर नाव लिहायचं राहिलेलं.
मी "हं" म्हणाले.
मग ते कमी वाटलं म्हणून
"हो."
कापूस जरा जास्तच वेळ दाबून धरला.
कान तापले होते.

संध्याकाळी ऑटोत बसल्यावर
हात उलटासुलटा करून पाहिला.
नखात हळद, अंगठ्याला चीर.
वजनाला म्हणाल तर
नेहमीइतकाच.