नरसाळं

बडोद्याचा मे महिना, दांडिया बाजार, दुसरा मजला,
आणि मी पंखा बंद करून बसले आहे.
वाऱ्याने खालचा कागद हलतो,
आणि जे मी हलवलं नाही
ते हललेलं इथे चालत नाही.

पत्र्याचं नरसाळं. काठाला एक पोचा.
रावपुऱ्यातल्या रॉकेलच्या दुकानातलं.
दुकान गेलं, हे राहिलं खिळ्याला अडकून.

एका सेकंदाला बारा फोटो.
दर फोटोला गव्हाच्या दाण्याएवढं सरकवायचं
आणि हात मागे घ्यायचा, चोरासारखा.
सकाळपासून दिवेलागणीपर्यंत
ते चालतं सहा सेकंद.

आधी त्याला कागदाचे डोळे चिकटवले होते.
फार गोड दिसत होतं,
विकायला ठेवल्यासारखं.
काढून टाकले.
नाही चेहरा तर नाही.
तोल आहे त्याला, वजन आहे,
आणि एक एवढं मोठं तोंड, जे बोलण्यासाठी नाही.

गोष्ट इतकीच : टेबलावर सात बाटल्या.
नरसाळं एकेकीपाशी जातं,
आपण हिच्या गळ्यात बसू का, बघतं.

पहिल्या दिवशी ते थेट गेलं,
आणि पडद्यावर दिसला पत्रा.
कुणीतरी सरकवलेला पत्रा.
दुसऱ्या दिवशी बाटलीच्या अलीकडे
नऊ फोटो त्याला तसंच उभं ठेवलं.
काही केलं नाही. खरंच काही नाही.
तर ते विचार करायला लागलं.

चौथ्या बाटलीच्या वेळी
खाली मजमुदारांकडे घरघंटी सुरू झाली,
टेबल थरथरलं, चार फोटो बिघडले.
पुन्हा काढायचे म्हणून लावून पाहिले,
तर ते त्या हिरव्या बाटलीला घाबरलं होतं.
ठेवले.

आई शेव-उसळीचा डबा घेऊन वर आली.
"सात दिवस पत्र्याला खेळवते आहेस."
मी म्हटलं, बघ.
बेचाळीस सेकंद. आवाज नाही.
तिने चष्मा पुसला.
"परत लाव."
परत लावलं.
"हे बाटलीला विचारायच्या आधी
जरा डावीकडे कलतं. कुणी सांगितलं त्याला?"

कुणी नाही. पडू नये म्हणून
नळीला मेणाचा गोळा लावला होता,
तो एका अंगाला बसला.

"त्र्यंबक असाच कलायचा," आई म्हणाली.
"उजवा कान गेलेला, म्हणून डावा पुढे.
गिऱ्हाईक 'बे लिटर' म्हणायचं,
आणि तो आधी असा... हो, अस्साच."

मामा गेला तेव्हा मी चार वर्षांची होते.
मला त्याचं काही आठवत नाही.
हातांचं मी सांगू शकत नाही.
मेणाचंही नाही.

उसळ निवत होती. आईने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं
आणि या वेळी पाचव्या बाटलीशी ते थांबलं
तेव्हा तीही थोडी कलली, खुर्चीत,
स्वतःच्या नकळत.

"सातवीपाशी काय होतं?"
"अजून काढलं नाही."
"घाई करू नकोस त्याला."

मग डबा उचलून जिना उतरताना
मध्येच थांबून म्हणाली,
"आणि तो पोचा, तो माझ्या हातचा आहे.
भांडलो होतो आम्ही."

रात्री मी नरसाळं तिथेच ठेवलं,
सहावीकडे पाठ, सातवीकडे तोंड.
सकाळी जागेवरच होतं, दाणाभरही हललं नव्हतं.
आई शेजारी आडवी झाली होती, घामाने भिजलेली.
पंखा लावला नव्हता.