भिशी

श्रमिकनगरच्या समाजमंदिरात पंखा नुसता आवाज करतो.
टेबलावर मी, फॉर्मांचा गठ्ठा, शाईचं पॅड,
आणि अंगठा ओला करून पानं मोजायची जुनी खोड.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
त्यातली एकही माझी नव्हती.
आता मुलं मोजतो.

कंपनी म्हणाली, दोनशे नावं हवीत,
त्याखाली गट होत नाही.
हप्ता ट्रस्टचा. घरटी फक्त वीस रुपये,
उद्या कुणी कुणाला ‘फुकटे’ म्हणू नये म्हणून.

निर्मला शेवरे विचारते,
पोर आजारी पडलंच नाही तर वीस परत?
मी पॉलिसीतलं वाक्य वाचून दाखवतो.
ते मलाही कळत नाही.
मागून कुणीतरी म्हणतं, अगं, भिशी आहे ही.
फक्त आपला नंबर लागू नये म्हणून भरायची.
रांग हसते.
निर्मला हसत नाही. चार घड्यांची नोट उलगडते.
मी ती उजेडाकडे धरून बघतो,
मग ओशाळतो.

रकाना सात : पूर्वीचा आजार.
फरजाना मुलाला पदराआड घेते.
‘काही नाही, सर्दी आहे.’
पण त्याच्या छातीत शिट्टी वाजतेय,
पंख्याच्या वरताण.
लिहू दे बाई, मी म्हणतो,
गटात लिहिलेलं चालतं, लपवलेलं चालत नाही.
ती माझ्या पेनाकडे बघते
जसं अंबडला सुपरवायझरच्या हजेरीवहीकडे बघत असेल.
‘दमा,’ ती म्हणते. ‘दोन वर्षं झाली.
रात्री बसूनच झोपतो.’
दोन अक्षरं.
लिहायला मला वेळ लागला.

सहा वाजता एकशे नव्व्याण्णव.
पुन्हा मोजले. एकशे नव्व्याण्णव.
सतरंजी गुंडाळायला घेतली
तर दारात तोच पोरगा, धापा टाकत,
हाताला धरून आणलेली एक मुलगी,
गुडघ्याला माती, तोंडात बोर.

‘हिला कधीच काही होत नाही,’
तो तक्रार केल्यासारखा म्हणाला.
‘हिचं लिहा.’

नाव कावेरी. आई ओझरकडे द्राक्षांच्या पॅकिंगला,
सही उद्या.
रकाना सात : नाही.
वीस रुपये?
तिनं बोराची बी थुंकली आणि माझ्याकडे बघितलं.

मी खिशात हात घातला.
ही एक माझी होती.
डब्यात टाकताना
उजेडाकडे धरली नाही.