इतिवृत्तात न आलेलं

ठराव क्रमांक सतरा:
रात्री साडेअकरानंतर दुकानं, टपऱ्या, गाड्या बंद.
सूचक, अनुमोदक. मी लिहून घेतलं.

चोऱ्या, चाकू, गर्दुल्ले –
पोलीस ठाण्याच्या आकड्यांचा कागद हातोहात फिरला,
परत आला तेव्हा त्यावर भज्यांचं तेल.
तांडेलबाई म्हणाल्या, उजेड दिसला की टोळकी जमतात.
कुणी बाक वाजवला.

इद्रिस भुर्जीवाला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.
त्याला दोन मिनिटं दिलेली.
म्हणाला, साहेब, अंडी संपली तरी
मी बत्ती चालू ठेवतो.
एवढंच.
उरलेलं दीड मिनिट
शर्टाचं बटण चाचपत उभा राहिला.
मी लिहिलं: संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.

माझी लेक रात्रपाळीहून
असल्फाच्या पाइपलाइनपाशी उतरते, पाऊण वाजता.
ती कधी भुर्जी घेत नाही,
तो कधी मान वर करत नाही,
फक्त उलथनं तव्यावर दोनदा आपटतो,
मग वळणावरचा पानवाला खाकरतो,
मग आमच्या जिन्याचा दिवा.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

ठराव बहुमताने संमत.
साडेअकरा टंकताना बोट जरासं अडलं.
मग टंकलं.

पहिल्याच रात्री टॉर्च घेऊन मी खाली उतरलो.
सेल जपायला म्हणून विझवून ठेवलेला.
लांबून ती येताना दिसली.
काळोखात उभा एक पुरुष बघून
तिनं रस्ता बदलला.