सत्ताविसावा दगड

वर्षातून दोनदा कापतो मी इथलं गवत.
एकदा जूनमध्ये, यानेझ संताच्या रात्री डोंगरावर जाळ पेटतात
त्याच्या आधी,
एकदा मेंढ्या वरून उतरल्या की.
पंचायत पैसे देते, बुटांच्या एका जोडापुरते.
यंत्र इथे फिरत नाही, दगड फार खेटून आहेत,
म्हणून बापाचाच लांब दांड्याचा विळा.

एकशे बारा दगड.
नावं एकोणचाळीस.
बाकीच्यांवर एकच शब्द, अनोळखी,
तोही दगडफुलाने अर्धा खाल्लेला.

सतराच्या ऑक्टोबरात मेले सगळे,
पुढल्या वर्षी ज्याच्यासाठी मेले ते राज्यच गेलं.
माझी आजी ह्याच घरात, ह्याच चुलीपाशी
चार देशांत राहून गेली.
कागद बदलले. बटाटे तेच.

त्यांचं गावात अजून बरंच आहे.
आमच्या घेवड्याचे वेल चढतात ते पिळाचे लोखंडी खांब
काटेरी तारेचे.
मिलेनाकाकूच्या कोंबड्या ज्यात पाणी पितात
त्या हेल्मेटला एक भोक आहे,
तिने डांबराने बुजवलंय.
नांगर अजूनही कधी कधी अडतो.
मग आम्ही लांब उभे राहतो, फोन करतो,
आणि कोणीतरी विनोद करतं, नेहमीचाच.

अकरा वर्षांमागे एक बाई आली, हंगेरीची,
गुडघे गेलेले, तरी चढण चढून.
हातात फोटो: मिशा, नवे बूट,
मागे पडद्यावर रंगवलेलं तळं.
ग्यार्फाश, म्हणाली. घोड्यांना नाल ठोकायचा.
तिने एकोणचाळीस नावं बोटाने वाचली.
पुन्हा वाचली.
मग माझ्याकडे बघितलं.

मला काय झालं कोण जाणे.
विळ्याच्या दांड्याने दाखवलं,
खालची रांग, चेरीच्या मुळाने कलंडवलेला सत्ताविसावा.
हाच. माझा बाप सांगायचा.

बाप असलं काही सांगत नसे.
बाप गवत कापायचा आणि गप्प असायचा.

ती खाली बसली, बसायला खूप वेळ लागला तिला.
पिशवीतून माती काढली, घरामागच्या
मिरचीच्या वाफ्यातली,
आणि दगडाच्या पायाशी थापली, मूल थोपटावं तशी.
उठताना माझा हात धरून उठली.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

एक वर्ष सोडून बापलेक आले,
ड्रोहोबिचकडचे, रात्रभर गाडी चालवून.
त्यांच्याकडे ओनुफ्रीचं शेवटचं पत्र:
आई, इथली नदी काचेच्या बाटलीसारखी हिरवी आहे,
पाणी प्यायला जायची मात्र बंदी आहे.
मी म्हणणार होतो, मला माहीत नाही.
शब्द तोंडात तयार होते.
निघाले ते, खालची रांग, चेरीजवळ.

आता तिथे दोन अंगणांची माती आहे.
गवतही तिथलं दाट, की मलाच तसं वाटतं.
एका साली मिरचीचं रोप वर आलं,
दोन पानं धरली,
पहिल्या दहिवराने गेलं.
मी ते कापलं नव्हतं, एवढं सांगतो.

परवा पत्र आलंय. बाई गेली.
नात येणार आहे ऑगस्टमध्ये,
दगडावर आजोबांच्या आजोबांचं नाव घालायचं म्हणते,
गावात पाथरवट कोण, घेतो किती.

पाथरवट मीच.

छिन्नीला धार लावून ठेवली आहे.
काल संध्याकाळी जाऊन दगड मापला,
रुंदीला दोन वीत, वर चार बोटं.
एक नाव ऐसपैस बसेल.
बारीक कोरलं तर दोन.
मागची बाजू कोरी आहे,
जो खरोखर खाली आहे त्याच्यापुरती,
पण त्याचं काही मला
अजून कोणी येऊन विचारलेलं नाही.