कारणाचा रकाना

अपघाताच्या नोंदवहीत बारा रकाने.
अकरा मी भरले :
सुकलाल कोळी, वय चोवीस, चोपड्याकडचा, पाळी रात्रीची,
यंत्र – भंगार दळायचा ग्राइंडर,
इजा – उजव्या हाताची तीन बोटं.
बाराव्यात, कारणाच्या, माझ्याआधीच कुणीतरी
पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं :
कामगाराचा निष्काळजीपणा.
मी फक्त वरून शाई फिरवायची होती.

जळगाव, एमआयडीसी, मे महिना.
पत्रे इतके तापतात की चटयांच्या गठ्ठ्यांना
ओल्या रंगासारखा वास सुटतो.
माझ्या टेबलापासून प्रफुल्लशेठच्या केबिनपर्यंत
एकशे चाळीस पावलं,
आणि दर दहा पावलांना माझं पहिलं वाक्य बदलत होतं.
‘सर, जरा बोलायचं होतं’ – नको, रजा मागितल्यासारखं वाटतं.
‘कायद्याप्रमाणे’ – नको, ते लगेच वकिलाला फोन लावतील.
‘माझ्या मनाला पटत नाही’ –
मनाचा पगार मला इथे कुणी देत नाही.

आत गारठा. चहा आला.
तन्वीच्या पुण्यातल्या ॲडमिशनचं काय झालं, विचारलं.
मग म्हणाले, झोपे मॅडम, तुम्ही तर घरच्या.
एकोणीस वर्षांत हे वाक्य मी तीनदा ऐकलंय
आणि तिन्ही वेळा त्यानंतर कशावर तरी सही केलीय.

तेव्हा जे बोलले त्याची तालीम केलेली नव्हती.
‘सर, त्याची जाळी फेब्रुवारीत काढली,
दळण हळू होतं म्हणून.
मी दोनदा लिहून दिलं.
तुम्ही दोनदा त्यावर लिहिलंत – पाहू.’

‘मग काय लिहू?’ ते म्हणाले,
‘त्याचा हात मी धरून आत घातला?’

गप्प राहायचं आम्हाला शिकवलेलं असतं,
समोरचा बोलता व्हावा म्हणून.
त्या दिवशी मी नुसतीच गप्प होते.
डोळ्यांपुढे सिव्हिलमधली कॉट,
पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवून तो हसत म्हणाला होता,
‘ताई, माले लिखता येत नही, पन मोजता येस.
दहा व्हतात. आते सात शेतस.’

पर्समध्ये तन्वीचा जुना खोडरबर होता,
स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
शेठसमोरच बारावा रकाना खोडला.
चुरा त्यांच्या टेबलाच्या काचेवर पडला,
तो मी लगेच तळहातानं गोळा केला.
सवय.

एक सांगायचं राहिलं.
दोन हजार अकरामध्ये हाच रकाना होता,
नाव इंदूबाई भिल,
आणि पेन्सिलीवर शाई मीच फिरवली होती.
हे शेठना बोलले नाही.
खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती,
त्या एकशे चाळीस पावलांत ते वाक्य एकदाही तोंडात आलं नाही.

वही त्यांनी ठेवून घेतली.
‘ठेवून जा’ याचा अर्थ मी अजून लावतेय.
मला बोलावणं नाही, नोटीस नाही,
फक्त जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सचे बेंडाळे
भरिताचा डबा घेऊन दोन खुर्च्या पलीकडे बसले,
आणि मिरचीचा ठेचा मात्र कागदावर काढून
न बोलता माझ्याकडे सरकवला.

तिसऱ्या दिवशी स्टोअरमधून चिठ्ठी आली :
लोखंडी जाळी एक, बोल्ट चार,
आठशे साठ रुपये, मंजूर.
खाली सही, घाईतली, पण त्यांचीच.
सुकलालबद्दल एक अक्षर नाही.

ग्राइंडर आता हळू दळतो.
घरघर लांबते, पार केबिनपर्यंत जाते.
आत एसी असतो, दार बंद असतं.
तरी ऐकू येत असणार.