धाव

सेल्फ मारला की खर्रर्र,
पिंपात कोणी साखळी ओढावी तसं,
आणि इंजिन जागचं हलत नाही.
वैजयंताबाईंची हिरवी एमजी, दोनच सीटा, टप फाटका.
तिला धक्का मारून मारून
शेंदूरजना फाट्यावरच्या पोट्ट्यांचे दंड भरले.
बाई गाडी लावायच्या ती उतारावरच.
बँकेत काम असलं तरी गाडी पुलाशी,
आणि तिथून पायी.

वरूडच्या एकाने बॅटरी विकली.
मोर्शीच्याने सेल्फ बदलला.
मी गाडी चौथ्या गिअरात टाकली,
खांद्याने वीतभर पुढे रेटली,
गिअर काढला, चावी फिरवली.
पहिल्या झटक्यात चालू.
"मंतर मारला का गा?" बाई म्हणाल्या.
मंतर नाही, बाई. दात.

या गाडीत इंजिन अन् गिअरबॉक्स जोडीनेच निघतात.
लिंबाच्या फांदीला चेन-पुली,
खाली जुन्या टायरांची गादी.
क्लच सोडवला, फ्लायव्हीलवर पंचाने खूण केली,
बोल्ट काढले
आणि ते जड ताट मांडीवर घेऊन बसलो.
बागेतून आंबिया बहराचा वास येत होता,
हाताला जळक्या क्लचचा.

तोंडावर निळे डाग, केसाएवढ्या भेगा.
ते लेथवर निघेल.
बोट कडेकडेने फिरवत गेलो.
दात, दात, दात, दात,
मग गुळगुळीत, म्हाताऱ्या गाईचा जबडा,
मग पुन्हा दात,
आणि बरोबर समोरच्या कडेला तसंच.
दोनच जागा.
चार सिलेंडरचं इंजिन बंद केलं की
मनाला येईल तिथे थांबत नाही.
दाबाशी झटतं, थोडं मागे येतं,
आणि याच दोन ठिकाणी टेकतं.
पन्नास वर्षं सेल्फने घास घेतला तो इथेच.
बाकीचे दात कोरे.
आजही बोटाला टोचतात.

नवी रिंग पुण्याहून एसटीच्या पार्सलने आली.
फ्लायव्हील अमरावतीला जाऊन घासून आलं.
रिंग थंडी बसत नाही, तापवूनच चढवायची,
आणि तापवणारा या भागात एकच उरलाय:
झिंगराजी खाती, वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी.
बंड्यांना टायर आले नव्हते तोवर
पाच गावच्या चाकांच्या धावा त्याच्याच हातच्या.

गोवऱ्यांचं कडं रचलं. रिंग मधे.
मी म्हटलं, लाल नाही होऊ द्यायची, दात मऊ पडतील.
"लाल तं नवशिक्याले पाह्यजे," तो म्हणाला,
आणि कपाळावर हात धरून बसला,
दुधाजवळ बसावं तसा.
लोखंड कडब्याच्या रंगाचं झालं.
"घे."
दोघांचे दोन चिमटे.
तासलेली बाजू सेल्फकडे, मी तीनदा बघितलं.
ठण्ण.
बसली.
आणि त्याचा हात सवयीने बादलीकडे गेला.
"पानी नोको, बावाजी!"
मी मनगटच धरलं.
ही धाव नाही. पाणी पडलं तर तडकेल.
"बिन पान्याची?"
तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.
साठ वर्षं त्या हाताचं निम्मं काम पाण्यानेच झालेलं.
मग दोघंही नुसतेच बसलो.
चहा आला, गेला.
रिंग टिक्, टिक् करत
आपली आपण आवळत गेली.

चौथ्या दिवशी बाईंनी मुद्दाम सपाट जागा धरली.
गाडी बंद, चालू, बंद, चालू.
सात वेळा.
पोट्टे नाराज होऊन घरी गेले.
झिंगराजी शेडबाहेर जुनी रिंग घेऊन बसलेला,
कडेवरून अंगठा फिरवत,
टक्कल लागलं की थांबत.
"माह्यावाली धाव चौफेर सारखी झिजे," म्हणाला.
"बैल कुठीबी थांबते."