वीस रुपयांत गेम

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली.
घंटेचा रुळाचा तुकडा अजून हलत होता,
जाता जाता कुणीतरी त्याला हात लावला असेल.

प्रज्वल झाडेनं साहिल कोडापेच्या डोक्यात
बंडीची उभारी घातली. सोमवारी, चिंचेखाली.
अकरा टाके, उजव्या कानाच्या वर.
काऊन मारलं रे, तर म्हणे,
'तो मले हासला.'

सरपंचबाईंच्या नवऱ्यानं घसा खाकरला.
'गेमनं बिघडवलं पोट्टं.'
आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

गेम मीच टाकला होता.
झाडेच्या फोनमध्ये, वीस रुपये घेऊन.
जागा नव्हती म्हणून
त्याच्या साळीच्या लग्नाचे फोटो आधी उडवले.

गुरुजी म्हणाले, यावर संशोधन झालेलं आहे.
कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही.

मी खेळून पाहिला आहे तो.
रात्री, शटर अर्धं ओढून.
आभाळातून उडी घ्यायची, बंदूक शोधायची,
मेलेल्या माणसाच्या जागी एक पेटी उरते,
तिच्यातलं हवं ते आपलं.
त्यात बंडी नाही. चिंच नाही.
त्यात कुणी कुणाला हासत नाही.

पण खोटं कशाला बोलू.
एका संध्याकाळी प्रज्वल दुकानाच्या पायरीवर खेळत होता,
तीनदा हाक मारली, पापणीसुद्धा हलली नाही.
तोंडावर एक थंडपणा होता, बारा वर्षांच्या तोंडावर.
मी पाहिला
आणि गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिलो.

दुकानात फोन येतात ते उघडे येतात.
'लॉक नाही, स्पीकर पाहून घ्या,' म्हणतात लोक.
स्पीकर पाहायला मी शेवटचा व्हिडिओ लावतो.
दिवाळीनंतर महिनाभर
सगळ्यांचा शेवटचा व्हिडिओ एकच होता:
मोटारीची केबल चोरणारा पोरगा,
डीपीच्या खांबाला बांधलेला.
मारणारे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात.
आवाज मात्र साफ येतात.
'बॅलन्स टाक रे' म्हणणारे आवाज,
'उद्या देतो' म्हणणारे.
एक आवाज फटके मोजतो, एकही आकडा न गाळता.
मलाही पाढे त्याच आवाजानं शिकवले.
फ्रेमच्या कडेला, खाली,
दप्तर पाठीला लावून उभं असलेलं एक पोट्टं.
कुणाचं ते कळत नाही, मान वळलेली आहे.

एकोणीस फोन दुरुस्त केले.
स्पीकर सगळ्यांचे चांगले होते.
व्हिडिओ काढून टाक, असं एकानंही म्हटलं नाही.

हे मी सभेत बोललो का?
नाही.
मी म्हटलं, यापुढं नाही टाकणार गेम.
सगळ्यांनी माना हलवल्या.
चहा आला, कपांना कान नव्हते.
ठराव लिहिला गेला. खाली माझी सही,
गुरुजींच्या सहीला खेटून.

शुक्रवारी साहिल आला.
डोक्याला पट्टी, मुठीत विसाची नोट घामेजलेली,
आईचा फोन, काचेला तडे.
'दादा, तो गेम टाकून दे ना.'
काऊन रे?
'प्रज्वल म्हणते, एकाच टीममधी खेळू.'

मला ठराव आठवला. नोटही दिसत होती.
फोन उघडला तर मेमरी भरलेली:
आरत्या, फवारणीचे तक्ते, कुणाचं तरी बारसं,
आणि तो व्हिडिओ.

जागा पाहिजे, म्हटलं. हे काढू?
त्यानं वाकून पाहिलं,
टाके ओढले असतील, डोळे बारीक केले.
'ते नको काढू.
त्यात माह्या बाबाचा आवाज हाय.
बाबा गेले ना सुरतले,
आई लावते रात्री.'

मी बारशाचे फोटो वर सरकवत राहिलो.
आणखी काय काढता येईल, ते शोधत.